फोकस मागे जातो

कामाच्या ठिकाणी त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे मिलिमीटर म्हणत. पंचवीस वर्षं कॅमेऱ्यांचा फोकस जुळवण्यात घालवली की माणसाच्या अंगात थोडीफार किरकिर मुरतेच, पण याच्यात ती जरा जास्तच मुरली होती. चहाचा कप टेबलाच्या कडेपासून ठरलेल्या अंतरावरच हवा. कुणी सरकवला, तर हा काही न बोलता तो पुन्हा जागच्या जागी आणून ठेवणार. "हा माणूस रात्री उशीला पाणसळ लावून झोपत असेल," असं काउंटरवरची बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मिलिमीटरच्या कानावर ते जायचं, पण त्याला वाईट वाटत नसे. घरी तो एकटाच होता. आपल्याला नावं ठेवायला तरी कुणीतरी आहे, हेही काही कमी नाही, असं त्याला वाटे.

एका सोमवारी सकाळी काउंटरवरच्या बाईने एक ट्रे त्याच्या टेबलावर आणून ठेवला. ट्रेमध्ये एक वापरून गुळगुळीत झालेला कॅमेरा, त्याला लावलेली पोर्ट्रेटची लेन्स आणि हाताने लिहिलेला तक्रारीचा कागद होता.

"घ्या, तुमच्या जातकुळीचं गिऱ्हाईक आलंय," ती म्हणाली. "एवढी व्यवस्थित तक्रार मी जन्मात वाचली नाही. नाहीतर लोक लिहितात, 'फोटो नीट येत नाहीत, बघा.'"

त्याने चष्मा वर केला आणि कागद वाचला.

'फोकस मागे जातो. डोळ्यावर धरला तर कान स्पष्ट येतो. जवळच्या अंतरावर जास्त. ट्रायपॉड लावून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून तपासलं आहे. कार्डवरचे पहिले बारा फोटो नमुन्याचे आहेत. कार्ड पुसू नये.'

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पण अक्षर त्याने दुसऱ्याच ओळीला ओळखलं होतं. 'क'चं पोट अर्धवट उघडं ठेवायची खोड तिला पहिलीपासून होती. शाळेतल्या बाईंनी किती वेळा लाल शाईने ते बंद करून दिलं, तरी गेली नव्हती. त्याच्या मुलीचं अक्षर होतं ते. सहा वर्षांत तिचा फोन नाही, चिठ्ठी नाही, आणि आता हा कागद.

त्या कंपनीचे कॅमेरे आसपासच्या चार-पाच शहरांतून इथेच दुरुस्तीला येत, आणि फोकसचं टेबल सगळ्यांत मिळून एकच होतं. हे तिला माहीत नसणं शक्यच नव्हतं.

"काय झालं?" बाईने विचारलं.

"काही नाही. व्यवस्थित लिहिलंय," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. हात स्वच्छच होते. तरी त्याने ते दोनदा धुतले.

परत येऊन त्याने आधी नमुन्याचे फोटो बघायला घेतले. नियमच तसा होता. गिऱ्हाइकाने दाखवलेली चूक आधी डोळ्यांनी बघायची, मग यंत्राला विचारायचं.

पहिल्या फोटोत जेवणाच्या टेबलावर पाच सेल तिरप्या रांगेत उभे केले होते, प्रत्येकात दोन बोटांचं अंतर. फोकस मधल्यावर धरलेला. हे त्यानेच शिकवलं होतं. ती दहा वर्षांची असताना, एका रविवारी. चाचणीचा खरा तक्ता कामावर होता आणि तिला तर तेव्हाच्या तेव्हा करून बघायचं होतं, म्हणून घरातल्या सगळ्या रिमोटांमधले आणि टॉर्चमधले सेल काढून त्याने ओळीने मांडले होते.

"मधल्यावर धर. आता फोटो बघ. कुठल्या सेलवरची अक्षरं वाचता येतात?"

"चौथ्या."

"म्हणजे काय झालं?"

पोरीने जरा विचार केला होता आणि म्हणाली होती, "म्हणजे कॅमेरा थापा मारतोय."

ते ऐकून त्याची बायको एवढी हसली होती की तिच्या हातातली वाटी खाली पडली. पुढे कित्येक दिवस त्याला उशीर झाला आणि त्याने काही कारण सांगितलं, की ती म्हणायची, "चौथा सेल दिसतोय हं मला."

या फोटोतही मधला सेल धूसर होता. चौथा बरा, पाचवा चांगला. आणि पाचव्या सेलच्या अगदी मागे, टेबलाला टेकवून ठेवलेली एक खुर्ची होती. तिच्या पाठीवर टाकलेला हिरवा स्वेटर सगळ्यांत स्पष्ट आला होता. कोपरावर थोड्या वेगळ्या हिरव्या लोकरीने रफू केलेलं होतं. ते रफू त्याच्या बायकोने केलेलं. शेवटच्या थंडीत तिच्या अंगावर हाच स्वेटर असायचा. ती गेल्यावर त्याने कपाट, माळा, ट्रंक, सगळं पालथं घातलं होतं आणि तो कुणाला तरी देऊन टाकला गेला अशी मनाची समजूत घातली होती. त्याने चित्र मोठं केलं. टाके मोजता येत होते. त्याने ते मोजले.

बाराही फोटो त्याने तसेच पाहिले. सेल तेच, खुर्ची तीच. एका कोपऱ्यात अर्धी खिडकी, एकात भिंतीला टेकवलेली सायकल. मुलगी कशी राहते, याचा त्याला सहा वर्षांत मिळालेला एवढाच काय तो पत्ता.

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता. बारा, आणि पुढे एकूण चारशे एकतीस. बोट पुढच्या फोटोच्या बटणावर होतंच. ते त्याने उचलून घेतलं, कार्ड बाहेर काढलं, एका छोट्या पाकिटात घालून पाकीट बंद केलं आणि त्यावर वेळ लिहिली. त्याचा हात एकदा नको तिथे पडला होता. पुन्हा पडू द्यायचा नव्हता.

ते असं झालं होतं. बायको चौदा महिने आजारी होती. मुलगी नोकरी सोडून घरी राहायला आली, आईचं सगळं करू लागली आणि करता करता तिचे फोटो काढू लागली. औषधं घेताना, केस गळल्यावर, पुन्हा आल्यावर, उन्हात बसलेली असताना. मिलिमीटरला ते बघवत नसे. जन्मभर ज्या आवाजावर त्याने पोट भरलं, तो क्लिक त्याला घरात सोसेना. प्रत्येक क्लिकला वाटे, आजार कुणीतरी पक्क्या शाईने लिहून ठेवतंय. एका दुपारी बायको तोंड उघडं टाकून झोपली होती, नाकात नळी होती, आणि क्लिक झाला. त्याने मुलीच्या हातातून कॅमेरा हिसकावला, दुसऱ्या खोलीत गेला आणि तोवरचे सगळे फोटो असलेलं ते एकमेव कार्ड पुसून टाकलं. कुठला मेनू, कुठलं बटण, हे त्याला शोधावं लागलं नाही. दोन सेकंदांचं काम.

त्यानंतर अकरा दिवसांनी बायको गेली. आणखी आठवडाभराने मुलगीही घर सोडून गेली. त्या अठरा दिवसांत बाप-लेक एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. कॅमेरा तिच्या बॅगेतून बाहेर निघाला नव्हता, हे मात्र त्याने पाहिलं होतं.

घर रिकामं झालं, राग उतरला, तेव्हा कुठे त्याच्यातला कारागीर जागा झाला. कार्ड असं पुसलं म्हणजे फोटो लगेच जात नाहीत. नुसती यादी फाटते. फोटो खाली तसेच पडून असतात, वर नवीन फोटो येऊन पडेपर्यंत. ते परत काढता येतात. त्याने तिला फोन केला, तिने उचलला नाही. मग त्याने मेसेज लिहिला. बोलण्यात तो आधीच काटकसरीचा, लिहिण्यात तर विचारूच नका. 'त्या कार्डवर आता एकही फोटो काढू नकोस.' एवढंच. उत्तर आलं नाही. आणखी दहादा फोन केले, मग तेही बंद केले. पोरगी आपल्याच तालमीत तयार झालीय, तिला कळेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. आणि बायकोचा त्या वर्षातला एकही फोटो त्याच्यापाशी नव्हता. होता तो ओळखपत्रावरचा, त्यात ती कुणा परक्या बाईसारखी दिसायची.

त्याने कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला. समोर दोन मीटरवर तक्ता लावला. मध्ये काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं निशाण आणि त्याला लागून तिरपी पट्टी, निशाणाच्या बरोबरीला शून्य. निशाणावर फोकस धरायचा. फोटोत शून्य सगळ्यांत स्पष्ट असेल तर कॅमेरा खरा. प्रत्येक वेळी लेन्सचा फोकस हाताने पार बिघडवायचा, म्हणजे कॅमेऱ्याला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. एकदा बरोबर येणं हा योगायोग असू शकतो, म्हणून दहादा. दहाही वेळा शून्य धूसर आणि मागचा तीनचा आकडा स्पष्ट आला. मुलीचं म्हणणं खरं होतं.

तक्ता जवळ घेतला तसं गणित बदललं. एकच दुरुस्ती सगळ्या अंतरांना बसेना. अशा वेळी गिऱ्हाइकाला विचारावं लागे की तुमचं काम जास्त करून किती अंतरावरून चालतं. हे फोन काउंटरवरून जात. मिलिमीटरने कागदावरचा नंबर पाहिला. नंबर नवा होता. त्याने स्वतःच फोन उचलला.

"नमस्कार, सर्व्हिस सेंटरमधून बोलतोय. तुमचा कॅमेरा टेबलावर आहे."

पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बोला," ती म्हणाली.

"फोकस मागे जातोय, तुमचं बरोबर आहे. दोन मीटरवर तीन सेंटिमीटर. जवळचं गणित वेगळं आहे. तुम्ही काम किती अंतरावरून करता?"

"सव्वा मीटर. कधी त्याहून थोडं कमी."

"कशाचे फोटो?"

"चेहऱ्यांचे." ती म्हणाली. "आजारी माणसांचे. फार दिवस उरलेले नसतात अशांचे. घरचे बोलावतात. कॉटशेजारी खुर्ची टाकून बसते, तेवढं अंतर."

त्याने सव्वा मीटर असं लिहिलं. मग उगाच पुन्हा गिरवलं.

"उजेड?"

"खिडकीतून येईल तेवढा."

"पिवळा दिवा लावत जाऊ नका. त्यात फोकस आणखी सरकतो."

"माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतं."

आता 'तुमचा कॅमेरा', 'तुमचं म्हणणं' असलं बोलणं ओढूनताणून चालवण्यात अर्थ नव्हता. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कार्ड पुसलेलं नाही. बाराच फोटो बघितले मी. पुढचे नाही."

"बरं केलंत. ते त्या त्या घरांचे आहेत."

"त्या दुसऱ्या कार्डचं काय झालं?"

पलीकडे खुर्ची पुन्हा सरकली.

"मी तुला मेसेज केला होता गं."

"वाचला होता, बाबा." तिचा आवाज बदलला. "बसची वाट बघत उभी होते. आईला जाऊन दहा दिवससुद्धा झाले नव्हते, आणि तुम्ही अजून तेच, एकही फोटो काढू नकोस. माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे कॅमेरा काढला आणि काढत सुटले. रस्ता, लोकांचे पाय, भिंती, काय वाट्टेल ते. अडीचशे तरी काढले असतील. निव्वळ तुमच्यावरच्या रागाने."

"त्याच कार्डवर?"

"त्याच कार्डवर."

मिलिमीटर स्टुलावर बसला. समोर तक्त्यावरचे चौकोन डोळ्यांपुढे हलू लागले.

"अगं, 'त्या कार्डवर' असं लिहिलं होतं मी," तो हळू म्हणाला. "फोटो काढू नकोस असं नव्हतं म्हणायचं. खाली आई होती. तिच्यावर नवीन काही पडू नये म्हणून…"

"मला ते दोन वर्षांनी कळलं. एका ओळखीच्याने पुसलेलं कार्ड उकरून दाखवलं, तेव्हा घरी येऊन तुमचा मेसेज परत वाचला. शब्दन् शब्द."

"मग फोन का नाही केलास?"

"करून काय सांगणार होते? तुम्ही पुसलेले सगळे तसेच होते, घालवले ते मी?"

सहा वर्षं तो अपराध एकट्याचा समजून वाहत होता. आणि तिकडे ती दुसरं टोक धरून चालली होती. कमी वजन कुणाचंच झालं नव्हतं.

"किती मिळाले?" शेवटी त्याने विचारलं.

"एकोणीस. सहा पूर्ण आहेत. बाकीच्यांचा खालचा भाग राखाडी झालाय."

"पाठवशील?"

"नाही." ती पटकन म्हणाली, आणि मग जरा मऊ आवाजात, "पाठवायची वस्तू नाहीये ती, बाबा. तुम्ही या."

फोन ठेवून त्याने मोजायची फीत खिशात घातली. मग उठून काउंटरवर गेला आणि बाईला म्हणाला, "दहा मिनिटं चेहरा हवाय तुमचा."

"माझा? आधी सांगितलं असतंत तर नीट तयार होऊन आले असते. हसायचंय का?"

"नको. पापण्या हलवू नका, बास."

त्याने तिला खिडकीशी बसवलं, फितीने सव्वा मीटर मोजलं आणि खुर्चीत बसून, कॅमेरा हातात धरून तो तिच्या डाव्या डोळ्यावर फोकस धरू लागला. दहा फोटो, दुरुस्ती, पुन्हा दहा. पहिल्यांदा कानातलं स्पष्ट आलं, मग भुवईचं टोक. दुपार कलायला आली तेव्हा पापणीचा केस न् केस मोजता येऊ लागला. एरवी तो इथे थांबला असता. आज त्याने ढग आल्यावर कमी उजेडात पुन्हा तपासलं, आणि बाईला "झालं का हो, मान आखडली" असं चारदा म्हणायला लावलं.

"पार्सल उद्या देऊन टाकते," ती उठताना म्हणाली.

"पार्सल नको. मी नेऊन देणार आहे. दोन दिवस रजा टाकतोय."

बाईने त्याच्याकडे निरखून बघितलं. पंचवीस वर्षांत या माणसाने गिऱ्हाइकाच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. "कुणाचा आहे तो कॅमेरा?"

"मुलीचा."

याला मुलगी आहे हेच तिला माहीत नव्हतं. पण तिने स्वतःच रजेचा अर्ज आणून त्याच्यापुढे ठेवला.

बसने पाच तास लागले. कॅमेऱ्याची बॅग त्याने वर ठेवली नाही, मांडीवरच धरून बसला. मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहत होती. तिने दार उघडलं तेव्हा दोघांनाही आधी काय करायचं ते कळेना. ती बारीक झाली होती. केसात एक पांढरी बट होती, त्याच्या बायकोला आली होती त्याच जागी. "या," ती म्हणाली, "चप्पल राहू द्या आतच." त्याने बॅग पुढे केली. दोघांनाही ते बरं पडलं.

तिने कॅमेरा काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "बसा तिथे. खिडकीकडे तोंड करून."

"मी?"

"दुसरं कोण आहे घरात?"

तो बसला. ती समोर खुर्ची ओढून बसली. ते सव्वा मीटर होतं, न मोजताही त्याला कळलं. तिने कॅमेरा डोळ्याला लावला. क्लिक झाला आणि त्याला तो सोसला. तिने पडद्यावर चित्र मोठं केलं, बराच वेळ पाहत राहिली.

"बरोबर आहे?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे." मग म्हणाली, "म्हातारे झालात हो, बाबा."

चहा झाल्यावर तिने आतून एक चपटा खोका आणला. फोटो कागदावर छापलेले होते. पूर्ण असलेले सहा वर, बाकीचे खाली. तिने ते त्याच्यापुढे ठेवले आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तो घाई न करता बघत गेला. गॅलरीत बसलेली बायको. पाठमोरी बायको. बशीत चहा ओतणारी. झोपलेली, हा तोच नळीचा फोटो असावा, पण त्यात त्याला भयंकर असं काही दिसेना. ती नुसती दमून झोपली होती. राखाडी झालेल्यांत कुठे कपाळ उरलं होतं, कुठे डोळ्यांपर्यंतचा चेहरा. ते त्याने पूर्ण असलेल्यांइतकाच वेळ पाहिले. शेवटच्या पूर्ण फोटोपाशी तो अडकला. त्यात नुकते उगवलेले केस विंचरता विंचरता बायकोने कॅमेऱ्याकडे मान वळवली होती. ओठ अर्धे उघडे होते. एखादा शब्द निघता निघता पकडला गेला होता.

"काय म्हणतेय गं ही?"

मुलगी त्याच्या खांद्यामागे येऊन वाकली. "मलाही तेच कळत नाही. किती वेळा बघितलाय. 'पुरे' म्हणाली असेल."

"'पुरे'ला आधी ओठ मिटावे लागतात," तो म्हणाला आणि त्याने म्हणून दाखवलं. "हे बघ. आणि मग गोल होतात. हिचे तसे नाहीत."

"मग 'काय'?"

"'काय' म्हणताना ती मान अशी करायची नाही."

"'अगं'?"

त्याने "अगं" म्हणून पाहिलं. तिनेही म्हणून पाहिलं. एकमेकांच्या तोंडाकडे बघत दोघांनी "थांब", "चल", "इकडे ये", असं काय काय म्हणून पाहिलं, आणि मग आई आपल्याला नावाने हाक मारायची ते तिला आठवलं, तेही त्यांनी करून पाहिलं. काहीच नेमकं बसेना. प्रत्येक शब्द जवळपास यायचा आणि थोडक्यात चुकायचा.

"पाचची गाडी आहे ना तुमची?" मुलीने घड्याळ पाहून विचारलं.

"उद्याचीही रजा आहे," तो म्हणाला, आणि उजेड अजून होता म्हणून फोटो घेऊन खिडकीपाशी गेला.